तीन वाजून एकोणीस मिनिटं, बावीस टक्के

(छापील पत्रक)

४ मार्च

घरातल्या माणसाचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर सोपवून रोज बाहेर पडणाऱ्या सर्व कुटुंबांनो,

आपलं दुखणं एकच आहे. आपण आपलं माणूस परक्या हातात देतो, आणि ते हात आपल्या पाठीमागे काय करतात, हे आपल्याला कधीच कळत नाही. आपण विचारलं की सेविका पाठवणारी संस्था म्हणते, नोंदवही बघा. अहो, नोंदवहीच खोटी असेल तर?

२६ फेब्रुवारीला आमच्या गल्लीतली वीज तारा बदलण्यासाठी अकरा वाजता बंद केली. माझी पत्नी बॅटरीवर होती. तीन वाजून एकोणीस मिनिटांनी मशीन बंद पडलं. ती वाचली हे तिचं नशीब. आणि सेविकेने वहीत काय लिहावं? "३:१९. बॅटरी २२ टक्के. मशीन बंद." बावीस टक्के शिल्लक असताना मशीन बंद पडतं, हे शाळकरी पोरालासुद्धा पटेल का? बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण भरलीच नव्हती, आणि ते झाकायला हा आकडा मागाहून लिहिला गेला. मला कोणी कळवलंदेखील नाही.

म्हणून सांगतो: नोंदणी क्रमांक ४१७ ची सेविका खोटी नोंद करते; तिला आपल्या दारात उभं करू नका.

कळावे.
एक निवृत्त मुद्रितशोधक

*(खाली पेनने)* शहाणे, तीनशे प्रती छापल्या आणि दवाखान्याच्या हॉलमध्ये ऐंशी कुटुंबांसमोर स्वतः वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. तुझ्या मामीची तब्येत सुधारते आहे. ती म्हणते, मी तिला पाणी हवं का हेसुद्धा व्यासपीठावरून विचारतो. कसं झालंय पत्रक ते कळव. फोन करू नकोस. फोनवर माणूस पटकन खोटं बोलतो. — मामा

---

९ मार्च

ती. मामांस सा. न.

पत्रक मिळालं. मामीला इतकं होऊन गेलं आणि मला आठ दिवसांनी छापील कागदावरून कळावं? रागावले आहे, पण तो राग भेटीत काढीन.

पत्रक जोरदार आहे. तुमचं आहे म्हणजे असणारच.

एक-दोन गोष्टी सहज विचारते. मशीनच्या मागच्या बाजूला पांढरी पट्टी आहे, तिच्यावरचा नंबर लिहून पाठवाल का? मामीच्या मशीनवर ऑक्सिजनचा जोर कितीवर असतो, एक, दोन की तीन? आणि वीज गेली तेव्हा स्क्रीनवर किती वेळ दाखवत होतं, ते कोणी पाहिलं होतं का? विशेष काही नाही. आमच्या ऑफिसात असल्या मशीनचं काम चालतं, म्हणून कुतूहल.

सेविकेचं पुढे काय झालं?

तुमची
शहाणी

---

१४ मार्च

प्रिय शहाणे,

तुझं कुतूहल लहानपणापासून असंच. घड्याळ उघडायचीस आणि मग रडत माझ्याकडे यायचीस. पट्टीवरचा नंबर मामीने चष्मा लावून उतरवला आहे, तो या पत्राच्या मागच्या बाजूला बघ. मशीन 'दोन'वर चालतं. आणि स्क्रीन मी स्वतः पाहिली होती. अकरा वाजता शंभर टक्के, साडेपाच तास. ते पाहूनच मी कामगार भवनातल्या सभेला गेलो. साडेपाच तास म्हणजे साडेचारपर्यंत चिंता नाही, असा साधा हिशेब. मी येईपर्यंत घर रिकामं, दार सताड उघडं, मामी दवाखान्यात.

आता तू म्हणशील, मामा, मग तुम्हीच शंभर पाहिलं होतंत ना? हो, पाहिलं. पण संस्थेचा माणूस म्हणाला की बॅटरी अर्धवट भरून काढली आणि पुन्हा लावली की वरवरचा शंभर दिसू शकतो. पटलं मला. आकडा खोटं बोलत नाही, शहाणे. आकड्यापाशी बसलेला माणूस बोलतो.

संस्थेने तिला कामावरून उतरवलं आहे. ८ एप्रिलला सकाळी दहा वाजता संस्थेच्या समितीपुढे तिची चौकशी आहे. दोष सिद्ध झाला की नोंदणी कायमची रद्द, मग या कामात तिला कोणी उभं करणार नाही. आणि इथे तुझं काम पडलं आहे. तू बॅटऱ्यांच्या विद्येतली. एक ओळ लिहून सही करून पाठव: "स्क्रीनवर बावीस टक्के असताना हे मशीन बंद पडू शकत नाही." माझं भाषण आणि तुझी सही, मग समितीची काय बिशाद!

मामी सेविकेबद्दल विचारत असते. तिला मी सांगितलंय की ती रजेवर आहे. उगीच छातीवर ताण नको.

मामा

---

२० मार्च

ती. मामांस सा. न.

पत्र पोहोचलं. ऑफिसात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून उशीर.

त्या दाखल्याचं जरा अवघड आहे. कंपनीच्या नियमांमुळे आम्हाला असं लिहून देता येत नाही. शिवाय यंत्र म्हटलं की थोडं इकडेतिकडे होतंच, तेव्हा समितीपुढे त्या आकड्यावर फार भर देऊ नका असं मला वाटतं. चौकशी पुढे ढकलता आली तर बघा ना. इतकी घाई कशाला?

एक मात्र लगेच करा. मशीन शक्यतो भिंतीच्या प्लगवरच ठेवा, आणि बॅटरीवर दोन तासांच्या वर अजिबात चालवू नका. कारण पुढे कधीतरी सांगेन.

मामीला माझा नमस्कार.

तुमची
शहाणी

---

२५ मार्च

चि. शहाणीस अनेक आशीर्वाद.

मामांनी तुझं पत्र वाचलं आणि चिडून टेबलावर आपटलं. "गुळमुळीत! शेंडा ना बुडखा!" असं ओरडले. मग चहा न पिताच बाहेर गेले. तेव्हा मी ते वाचलं, आणि त्याच्याखाली ठेवलेलं पत्रकही वाचलं. एक महिना मला रजा म्हणून सांगत होते. मी आजारी आहे गं, अडाणी नाही.

पडल्या पडल्या लिहिते आहे, अक्षर समजून घे. हे पत्र खालच्या शिंपीणबाईंकडे देणार आहे टाकायला.

चिमणी (त्या सेविकेला मी चिमणी म्हणते, इतकीशी आहे ती) त्या दिवशी दर अर्ध्या तासाला स्क्रीन बघून लिहीत होती. दोन वाजता म्हणाली, "काकू, पंख्याचा आवाज बसल्यासारखा वाटतोय. मला नाही बरं वाटत. आपण दवाखान्यात जाऊन बसू." मी म्हणाले, मामांना विचार. तिने फोन केला. मी माझ्या कानांनी ऐकलं. फोन लागला होता, शहाणे. त्यांनी उचलला होता.

मग सव्वातीनच्या सुमारास मशीन थांबलं. एक शिट्टी नाही, काही नाही. तिने मला पाठीवर घेतलं. लिफ्ट बंद. तीन मजले. मधेच म्हणाली, "काकू, माझ्या मानेला घट्ट धरा, लाजू नका." माझं वजन तिच्याहून दुप्पट असेल. खाली शिंप्याची गाडी होती. मला एवढंच आठवतं की तिच्या पायात एकच चप्पल होती.

तू लिहिलं आहेस, कारण पुढे सांगेन. कधी? आठ तारखेनंतर?

मामी

---

२९ मार्च

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार लिहायला आज हात उचलत नाही. हे पत्र मामीसमोर मोठ्याने वाचा. मधलं काही गाळू नका.

तुमच्या मशीनच्या आत एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे, आणि तिच्यात वीज सांभाळणारा एक भाग आहे. बॅटरीतून किती गेलं आणि किती उरलं, हे तो दर सेकंदाला ठरवतो. तो भाग मी लिहिला. सहा वर्षांपूर्वी. पट्टीवरच्या नंबराची मी वाट पाहत होते, पण खरं सांगायचं तर तुमचं पत्रक वाचतानाच बावीसचा आकडा पाहून मला संशय आला होता.

कागद घ्या. 'दोन'वर मशीन जेवढी वीज ओढतं तो आकडा १३,९००. तो तासाचा आहे, आणि तासात सेकंद ३,६००. म्हणून दर सेकंदाचा खर्च काढायला भागाकार करायचा. भागाकार ३, बाकी ३,१००. सिस्टीमच्या त्या थरात अपूर्णांक चालत नाहीत, सगळं पूर्णांकात करावं लागतं. तेव्हा त्या बाकीचं काय करायचं, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. मी ती टाकून दिली. दर सेकंदाला. खर्च होत होता जवळजवळ चार, आणि मी मोजत होते तीन.

आमच्या गटात एक नियम होता, भिंतीवर लावलेला: शंका आली तर खाली. म्हणजे उरलेली बॅटरी दाखवताना आकडा नेहमी खाली आणायचा, म्हणजे माणूस वेळेआधी सावध होतो. नियम चांगला आहे. मी तो खर्चालाही लावला. खर्च खाली आणला की शिल्लक वर जाते, हे चौथीतल्या मुलीला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी विचार केलाच नव्हता. मी भिंतीकडे बघून लिहिलं.

आता बॅटरी. भरलेली असते तेव्हा ६०,०००. खरा खर्च धरला तर चार तास एकोणीस मिनिटं. अकरापासून मोजलंत तर तीन वाजून एकोणीस. त्या क्षणी माझ्या हिशेबाने गेलेली असते ४६,६२०. उरलेली टक्क्यांत काढा.

बावीस येतात, मामा. बरोब्बर बावीस. पंधरा टक्क्यांना वाजणारी शिट्टी म्हणूनच वाजली नाही. तुमचे साडेपाच तासही माझ्याच तीनमधून आले होते. त्या बाईने जे दिसलं ते दिसलं त्या मिनिटाला लिहिलं. त्या खोलीत एकच गोष्ट खोटी होती, आणि ती मी लिहिली होती.

तपासताना आम्ही मशीन नेहमी सगळ्यात मोठ्या आकड्यावर चालवायचो. तिथे खर्च ३६,५००, बाकी फक्त ५००, शंभरात दीडचा फरक. कोणाच्या लक्षात आला नाही. आणि लोक एकदोन तासांसाठीच बॅटरीवर जातात, घरी येऊन पुन्हा पूर्ण भरतात, की आकडा पुन्हा शंभरावर येऊन चूक पुसली जाते.

पण दोन वर्षांपूर्वी एकाच्या लक्षात आलं होतं. दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका माणसाने कळवलं होतं की कमी नंबरवर आकडा फार वर राहतो. मी त्याला उत्तर दिलं: "पूर्णांकात एवढा फरक अपेक्षित आहे." आणि तक्रार बंद केली. चार मिनिटं लागली असतील. जेवायला जायचं होतं.

आणखी लाज वाटावी असं पुढे आहे. तुमचं चौदाचं पत्र हातात पडलं त्या दिवशी मी दुरुस्ती लिहायला घेतली. बाकी टाकायची नाही, पुढच्या सेकंदात मिळवायची. नऊ ओळी. आणि वर दुरुस्तीचं नाव लिहिलं: "पूर्णांकांची अचूकता सुधारली." वरिष्ठ म्हणाले, छान, शांतपणे जाऊ दे. मी म्हटलं, हो. सुधारली! जणू आधी बरं होतं आणि आता आणखी बरं झालं. दहा दिवस मी त्या एका शब्दामागे लपून बसले, आणि तिकडे एका बाईची चौकशीची तारीख जवळ येत होती. वीस तारखेचं पत्र लिहिताना मला सगळं ठाऊक होतं.

तुम्ही मला भागाकार शिकवलात तेव्हा बाकी लिहिली नाही तर उत्तर बरोबर असूनही अर्धा गुण कापायचात. मी भांडायचे. तुम्ही म्हणायचात, "शिल्लक राहिलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर भागाकार झालाच नाही."

काल मी दुरुस्तीचं नाव बदललं. आता तिथे लिहिलंय: "खर्च कमी मोजला जात होता. चूक माझी." खाली माझं नाव. वरिष्ठांचा चेहरा उतरला. पुढे माझं काय होईल ते होईल. हे मशीन वापरणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला आज सूचना गेली. सोबत समितीसाठी सही केलेला कागद जोडला आहे. तुम्ही मागितला होतात त्याच्या अगदी उलटा.

फोनबद्दल मी काही विचारणार नाही.

तुमची भाची

---

२ एप्रिल

प्रिय भाची,

वाचलं. मामीसमोर, मोठ्याने, न गाळता. कागद घेऊन भागाकार केला. मग पुन्हा केला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघ मारून पोट भरलं, तेव्हा दोनदा तपासायची सवय आहे. दोन्ही वेळा बावीस.

आज मला भाषण सुचत नाही. जे झालं ते लिहितो.

फोन आला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी. मी व्यासपीठावर होतो, माझी पाळी यायची होती. खाली वाकून हळूच म्हटलं, "काय गं?" ती म्हणाली, "काका, मशीनचं लक्षण ठीक वाटत नाही." मी विचारलं, "आकडा किती?" म्हणाली, "त्रेचाळीस." मी म्हटलं, "मग? मशीनपेक्षा तुला जास्त कळतं का? आकडा बघत बस." आणि फोन बंद केला. त्यानंतर पाऊण तास मी कष्टकऱ्याच्या शब्दाला किंमत मिळाली पाहिजे, या विषयावर बोललो. लोक उभे राहिले होते.

पत्रकात मी लिहिलं, मला कळवलंदेखील नाही. ते छापण्याआधी मीच तपासलं होतं. काना-मात्रा सगळं बरोबर होतं.

तू लपलीस दहा दिवस. मी पाच आठवडे. आणि तू निदान यंत्राच्या मागे लपलीस, मी त्या बाईच्या मागे लपलो. ती चाळीस किलोंची असेल नसेल.

काल तिच्याकडे गेलो. धुलाईच्या दुकानात इस्त्री करते आता. वाफेने चष्मा पांढरा झालेला, मला पटकन ओळखलं नाही. मी म्हटलं, "मी काका." तिने इस्त्री उभी करून ठेवली. मी तुझं पत्र पुढे केलं, सगळं सांगितलं, हात जोडले. तिने पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "काका, आकडा बघत बस म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत. मी बघितला. जसा दिसला तसा लिहिला."

मी म्हटलं, "माझी चूक झाली, माफ कर."

ती म्हणाली, "इथे नको. इथे कोण ऐकतंय? जिथे वाचून दाखवलंत तिथे मागा." आणि इस्त्री उचलली. एवढंच विचारलं, "काकू 'दोन'वरच आहेत ना अजून?"

मामी दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी तिने माझी लाल पेन्सिल टोक काढून माझ्यापुढे ठेवली आणि कूस बदलून निजली.

तुझ्यावर रागवायचं म्हणून बसलो होतो. जमलं नाही. अर्धा गुण मात्र कापला आहे.

मामा

---

(छापील पत्रक)

३ एप्रिल

४ मार्चचं माझं पत्रक ज्यांच्या घरात आहे, त्या सर्व कुटुंबांनो,

परक्या हातांवर विश्वास ठेवता येत नाही, ही आपली तक्रार मी तुमच्यासमोर मोठ्या आवाजात मांडली होती. आज त्याच आवाजात सांगतो: त्या तक्रारीसाठी मी ज्या बाईला उभं केलं, ती खरी होती. खोटा मी होतो.

मशीनमधला हिशेब चुकीचा होता. तो लिहिणारी माझी सख्खी भाची आहे, तिने स्वतःच्या सहीने कबूल केलं आहे. पण यंत्र चुकलं म्हणून मी सुटत नाही. त्या बाईने मशीन बंद पडण्याच्या तासभर आधी मला फोन केला होता. मी उचलला, तिला गप्प केलं आणि नंतर तुम्हाला सांगितलं की कळवलंच नाही. तिने माझ्या बायकोला पाठीवर घेऊन तीन मजले उतरवले. मी तिला पत्रकावर चढवलं.

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला त्या आवडल्या. आता त्या मला ऐकू येतात आणि मान वर होत नाही.

या आकड्यावर मी विश्वास ठेवला, कारण आकडा उलटून बोलत नाही. ती बोलली. पंख्याचा आवाज बसलाय, म्हणाली. एका जिवंत माणसाचे कान आणि एका काचेवरचा अंक, यांत मी अंक निवडला, आणि मग तोच अंक तिने लिहिला तर तिला खोटारडी ठरवलं. यातून कसं निसटायचं होतं तिने? सांगा मला. हे एकट्या माझ्या घरात घडलं असं समजू नका. तुमच्या घरातली बाई काल काय म्हणाली आणि तुम्ही स्क्रीनकडे बघून तिला काय उत्तर दिलंत, ते आठवा.

८ एप्रिलला सकाळी दहा वाजता समिती बसणार आहे. तिच्यापुढे माझं जुनं पत्रक पुरावा म्हणून ठेवलेलं आहे. भाचीचा कागद तिथे पोहोचला आहे, मीही उभा राहणार आहे. पण मी तीनशे प्रती वाटल्या, आणि एकट्याच्या तोंडाने तीनशे कागद परत येत नाहीत.

घरातलं ते पत्रक शोधा. शेवटून दुसरा परिच्छेद बघा, क्रमांक ४१७ चा. त्यावर सरळ रेघ मारा, शेजारी तुमची सही करा, आणि आठ तारखेला दहाच्या आत तो कागद संस्थेच्या खिडकीवर स्वतःच्या हाताने नेऊन द्या.